पेशी, कोशिका आणि सेल

(संस्थेच्या हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी लिहिला आहे. तो मी पुन्हा सांगत नाही. आज मला एका वेगळ्याच विषयावर बोलायचे आहे : विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र आणि त्यातली प्रात्यक्षिके. उत्सवाच्या प्रसंगी हा विषय कुठून आला, असे काहींना वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत पालक माझ्यासमोर बसतात आणि थोडे संकोचून एकच प्रश्न विचारतात, “बाई, मराठीतून दहावी झाल्यावर मुलांना पुढे सायन्स झेपेल का?” आणि दुसरे असे की, महोत्सव समितीकडे आलेल्या सूचनांमध्ये आपल्या विज्ञान प्रयोगशाळेच्या खोलीविषयी एक सूचना आहे. तिच्याविषयी मी शेवटी बोलेन.

आपणांपैकी बहुतेकांनी मला मराठीच्या बाई म्हणूनच पाहिले आहे. एम.ए. मी मराठीतच केले, तेही लग्नानंतर महाराष्ट्रात आल्यावर. माझी पहिली पदवी मात्र विज्ञानाची आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र हे माझे विषय. उत्तरेकडे या गटाला ‘झेड.बी.सी.’ म्हणतात. ते शिक्षण झाले झाशीत. १९७५ साली स्थापन झालेल्या बुंदेलखंड विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात मी शिकले आणि राहत होते जुन्या शहरातल्या बडा बाजारात.

झाशीत मराठी घर कसे, हा प्रश्न मला इथे आल्यापासून अनेकांनी विचारला आहे. अठराव्या शतकात पेशव्यांचे सुभेदार तिकडे गेले, नारो शंकरांनी किल्ल्याचा आणि शहराचा विस्तार केला, पुढे नेवाळकरांची सत्ता आली. त्यांच्याबरोबर कारकून, भिक्षुक, शिलेदार, पुराणिक असा सगळा मराठी संसारच तिकडे वसला. १८५७ च्या वणव्यातून जी घरे उरली ती उरली. त्यानंतर रेल्वेच्या नोकरीनिमित्त आणखी काही आली. आमचे घर या दुसऱ्या प्रकारातले. जुन्या शहरातल्या ज्या गणेशमंदिरात १८४२ साली गंगाधररावांचा आणि लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, त्याच मंदिरात आम्ही मुले गणेशोत्सवात आरत्या म्हणत असू. घरात मराठी, गल्लीत बुंदेली, शाळेत हिंदी, अशा तीन भाषांत माझे बालपण गेले. महाविद्यालयात गेल्यावर चौथी आली, इंग्रजी. तेव्हा मराठीतून शिकून इंग्रजी विज्ञानाच्या वर्गात बसणाऱ्या मुलांची घालमेल मला ऐकून कळलेली नाही.

पहिल्याच आठवड्यात आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर ‘सेल’ असे लिहिले आणि शेजारी हिंदीत ‘कोशिका’. मी घरी येऊन काकूला सांगितले. काकू नागपूरची, मॅट्रिकपर्यंत मराठीतून शिकलेली. ती म्हणाली, “अगं, ही तर आमची पेशी!” दुसऱ्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने तो शब्द मैत्रिणीला सांगितला. तिचे वडील कचेरीत मुन्शी होते. तिने विचारले, “किसकी पेशी? कब है?” कारण तिकडे पेशी म्हणजे कोर्टातली तारीख. भरीस भर म्हणून हिंदी पाठ्यपुस्तकात ‘पेशी’ हा शब्द होता, पण तो आपण ज्याला स्नायू म्हणतो त्यासाठी. आणि ‘स्नायु’ हाही शब्द होता, पण तो आपण ज्याला अस्थिबंध म्हणतो त्यासाठी! एकाच देशातल्या, एकाच लिपीतल्या, एकाच संस्कृतातून शब्द घेणाऱ्या दोन शेजारी भाषा, आणि शरीराच्या आत शिरल्याबरोबर त्यांचे शब्द असे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेले. पहिले दोन-तीन आठवडे माझ्या डोक्यात जो गोंधळ माजला, त्यात इंग्रजीचा वाटा फारच थोडा होता.

तो गोंधळ मिटला प्रात्यक्षिकाच्या तासाला. व्याख्यान पाऊण तासाचे असे, प्रात्यक्षिक सलग दोन-अडीच तासांचे. पहिले प्रात्यक्षिक अर्थातच कांद्याचे. कांद्याची फोड घ्यायची, तिचा पापुद्रा मोडायचा आणि आतल्या बाजूचे पातळ, पारदर्शक साल चिमट्याने अलगद सोलायचे. ते काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात पसरायचे, त्यावर सॅफ्रानिनचा एक थेंब टाकायचा, थोडे थांबून जादा रंग टिपून घ्यायचा आणि वरून कव्हरस्लिप ठेवायची. कव्हरस्लिप सरळ आपटून ठेवली की हवेचे बुडबुडे अडकतात, आणि नवख्या डोळ्याला हे काळ्या कडांचे गोल बुडबुडेच मोठे जीवशास्त्रीय सत्य वाटतात. म्हणून ती एका बाजूने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली आणायची. सूक्ष्मदर्शकात डोळ्याजवळचे भिंग दहापट आणि खालचे दहापट, म्हणजे वस्तू शंभरपट मोठी दिसते; खालचे भिंग फिरवून पंचेचाळीसचे लावले की साडेचारशेपट. कांद्याच्या सालीतली एकेक पेशी मिलिमीटरच्या पाव हिश्श्याच्या आसपास लांब असते. शंभरपटीत ती विटांच्या भिंतीसारखी दिसू लागते, आणि प्रत्येक विटेत एक गडद ठिपका, म्हणजे केंद्रक.

माझ्या शेजारी इंग्रजी शाळेतून आलेली एक मुलगी होती, पलीकडे चिरगावकडून रोज येणारा एक मुलगा. तिघांनी एकाच सूक्ष्मदर्शकातून पाहिले. ती म्हणाली सेल, तो म्हणाला कोशिका, मी मनात म्हटले पेशी. विटा त्याच होत्या.

‘सेल’ हा शब्दही कुणाच्या पाळण्यात म्हटला जात नव्हता, हे मला पुढे वाचताना कळले. रॉबर्ट हूक याने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने बुचाचा अतिशय पातळ काप काढून आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला रिकाम्या कप्प्यांची जाळी दिसली. लहान खोली किंवा कप्पा या अर्थाचा शब्द त्याने तिथे वापरला. खरे तर त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती; आतला ऐवज केव्हाच वाळून गेला होता. तरीही शब्द टिकला. इंग्रजीलासुद्धा आधी वस्तू दिसली आणि मग तिने घरातलाच एक साधा शब्द उचलून तिला दिला.

जी दुसरी गोष्ट मला उमगली ती पालकांनी लक्षात घ्यावी असे वाटते. जीवशास्त्रातले अवघड वाटणारे बहुतेक शब्द इंग्रजीतही परकेच आहेत. ते ग्रीक आणि लॅटिन आहेत. ‘क्लोरोफिल’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘हिरवे’ अधिक ‘पान’. ‘मायटोकॉन्ड्रिया’मधल्या ‘मायटोस’चा अर्थ धागा आणि ‘कॉन्ड्रिऑन’चा अर्थ कण. आपला मुलगा आठवीच्या पुस्तकात ‘तंतुकणिका’ शिकतो, तेव्हा त्याला त्या ग्रीक शब्दाचा अर्थ आयता मिळालेला असतो. इंग्रजी माध्यमातले मूल तो आवाज पाठ करते आणि अर्थ नंतर शोधते, किंवा शोधतच नाही. हरितद्रव्य, प्रकाशसंश्लेषण, पर्णरंध्र हे शब्द स्वतःच अर्धे उत्तर सांगतात. एका ठिकाणी मात्र आपला शब्द वेगळ्या वाटेने गेला आहे. ‘क्रोमोसोम’ म्हणजे रंगीत वस्तू. रंजकद्रव्य टाकल्यावर ती गडद रंगते म्हणून हे नाव १८८८ साली पडले. आपण म्हणतो ‘गुणसूत्र’. परदेशी नाव ती कशी दिसते ते सांगते, आपले नाव ती काय करते ते सांगते. मराठीची शिक्षिका म्हणून मला आपला शब्द अधिक आवडतो. पण कांद्याच्या मुळाचे टोक ॲसिटोकारमाइनमध्ये गरम करून, काचेखाली अंगठ्याने दाबून, साडेचारशेपटीत पाहाल तर त्या लाल धाग्यांसमोर जुनाच शब्द अधिक खरा वाटतो. मुळाची ती टोके सकाळी खुडावी लागतात, कारण पेशींचे विभाजन दिवसाच्या सर्व प्रहरी सारखे चालत नाही. मोड फुटलेल्या कांद्यांचे पेले आमच्या खिडकीत रांगेने असत, आणि आजी त्यांना ‘हिची पूजा’ म्हणे.

अडचण नव्हतीच, असे मी म्हणणार नाही. व्याख्याने वेगाने होत, आणि टिपणे काढताना अर्धे वाक्य सुटून जाई. आमच्या वर्गात पुष्कळजण हिंदीतूनच उत्तरे लिहीत. मी इंग्रजीतून लिहायचे ठरवले होते, त्यामुळे ओझे दुप्पट. त्यावर उपाय म्हणून मी एक वही केली. तिच्या पानावर चार रकाने आखले. पहिल्यात इंग्रजी किंवा लॅटिन नाव, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात मराठी. तिसऱ्या रकान्यासाठी काकूची स्मरणशक्ती आणि तिच्या धाकट्या भावाने नागपूरहून पाठवलेली जुनी शालेय पुस्तके उपयोगी पडली. चौथ्या रकान्याचे शीर्षक होते, ‘कुठे पाहिले?’

हा चौथा रकाना सुरुवातीला मी केवळ पानावर जागा होती म्हणून आखला होता. वर्षाच्या शेवटी वही उघडली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्या शब्दापुढचा चौथा रकाना भरलेला होता, तो शब्द तिन्ही भाषांत मला तोंडपाठ होता. जिथे तो रकाना कोरा होता, तिथे तिन्ही भाषांतले शब्द परीक्षेआधी पुन्हा घोकावे लागले, आणि परीक्षेनंतर ते गेले ते गेलेच.

चौथा रकाना भरण्यासाठी आम्ही पुष्कळ हिंडलो. शहराच्या तटाबाहेर लक्ष्मी ताल आहे. तिथे बाटल्या घेऊन आम्हाला नेले होते. पाण्याच्या कडेला जे हिरवे, रेशमासारखे निसरडे धागे तरंगतात, त्यांना घरी शेवाळ म्हणत, गल्लीत काई. पाय घसरू नये म्हणून त्यापासून दूर राहायचे, एवढेच त्याविषयीचे आमचे ज्ञान. तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली आला तेव्हा काचेच्या नळीत कुणीतरी हिरवी फीत गोल गोल गुंडाळून ठेवावी तसे हरितलवक दिसले. वहीत नोंद झाली : स्पायरोगायरा, शैवाल, शेवाळ, लक्ष्मी ताल. दूर्वांची गोष्ट तर याहून गमतीची. झाशीत गवत आणि चाऱ्यावर संशोधन करणारी भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्था १९६२ पासून आहे. गावात तिला नुसते ‘ग्रासलँड’ म्हणतात. तिथल्या भेटीत गवतांचे तुरे हातात घेऊन पाहायला शिकवले गेले. गवतालाही फुले येतात, हे तोवर आमच्या ध्यानातच आले नव्हते. त्यात एक ओळखीचे गवत निघाले. लॅटिन नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, हिंदीत दूब, शेतकऱ्याच्या मराठीत हरळी. चौथ्या रकान्यात मी लिहिले, ‘गणपतीच्या डोक्यावर’.

तपासणीस आलेले प्राध्यापक ते वाचून हसले, पण त्यांनी ते खोडले नाही.

बडा बाजारात कापडाची आणि सराफीची दुकाने पुष्कळ. सराफ डोळ्याला भिंग लावून दागिन्याचा डाग पाहतो, हे दृश्य आम्हाला रोजचे होते. म्हणून ल्युवेनहॉकची कथा वाचताना तो मला आमच्याच गल्लीतला वाटला. अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक हा हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी, जन्म १६३२ चा. कापडाचे सूत पाहण्यासाठी व्यापारी भिंग वापरत. याने स्वतःच भिंगे घासायला सुरुवात केली आणि त्या काळी कुणाजवळ नव्हती अशी भिंगे बनवली. १६७४ साली त्याने जवळच्या तळ्याचे पाणी पाहिले. त्यात त्याने वर्णन केलेले पिळदार हिरवे धागे हे स्पायरोगायराच असावेत, असे मानले जाते. आणि त्या धाग्यांमध्ये फिरणारे बारीक जीवही त्याने पाहिले. हा मनुष्य कोणत्याही विद्यापीठात गेलेला नव्हता. विद्वानांची भाषा लॅटिन, ती त्याला येत नव्हती. इंग्रजीही येत नव्हती. तो आपल्या डच भाषेत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिही आणि तिथे त्यांची भाषांतरे होत. अशी पत्रे त्याने सुमारे पन्नास वर्षे लिहिली. १६८० साली त्याच सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले. त्याची पत्रे इतकी मोलाची ठरली, कारण जे दिसले ते तो नेमके सांगे : किती मोठे, किती संख्येने, कोणत्या दिशेने हलणारे.

नेमके सांगण्याची हीच शिस्त आम्हाला जर्नलच्या निमित्ताने लागली. तिकडे तिला प्रॅक्टिकल फाइल म्हणतात. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने आकृती, छाया द्यायची नाही, एकाच अखंड रेषेने काढायची, नावे उजव्या बाजूला. पुस्तकातली आकृती सुबक असते. प्रत्यक्षात काप तिरका निघतो, एखादी पेशी फाटते, निम्म्या भागाला रंगच लागत नाही. साहजिकच मुले पुस्तक उघडून तिथली आकृती उतरवीत. आमच्या बाई फाइल हातात घेत आणि शांतपणे विचारत, “यातली ही पेशी मला भिंगात दाखव.” दाखवता आली नाही तर पान परत. उलट एका मुलाने हवेचा बुडबुडा काढून त्यावर ‘एअर बबल’ असे नाव दिले होते, त्याला त्यांनी पूर्ण गुण दिले. पुढची तीस वर्षे मी निबंध तपासताना याच न्यायाने तपासले आहेत. पावसाळ्यावरच्या निबंधात थुईथुई नाचणारा मोर आला की मी मुलाला विचारते, हा तू कुठे पाहिलास?

काप घेणे ही हाताची विद्या आहे. कोवळे खोड गाजराच्या किंवा बटाट्याच्या तुकड्यात चीर पाडून धरायचे, नवे ब्लेड पाण्यात भिजवायचे आणि एका दिशेने, स्वतःकडे ओढत, पंधरा-वीस काप घ्यायचे. ते पाण्यात तरंगू द्यायचे आणि त्यांतला सर्वांत पातळ, जवळजवळ न दिसणारा काप कुंचल्याने उचलायचा. ज्या मुलींनी घरी भाज्या चिरल्या होत्या त्यांचे काप पहिल्याच दिवशी पातळ आले. ज्यांच्या घरी ते काम दुसरे कुणी करीत असे, त्यांना महिना लागला. माध्यमाचा याच्याशी काही संबंध नव्हता.

विच्छेदनाविषयी थोडे. आमच्या वेळी गांडूळ आणि झुरळ यांचे विच्छेदन पहिल्या वर्षी करावे लागे. आजीने विरोध केला नाही. विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचे नाही, एवढी अट घातली. आज पदवीच्या मुलांना ते करावे लागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते थांबवण्यास सांगितले. निर्णय योग्यच झाला. हजारो मुलांनी तीच मज्जारज्जू पुन्हा पुन्हा शोधण्यासाठी इतके जीव घालवावेत, असे त्यात काही नव्हते. परंतु त्या निर्णयाच्या आडोशाने प्रात्यक्षिकच पडद्यावर दाखवून मोकळे होण्याची जी रीत अनेक ठिकाणी पडते आहे, ती मला मान्य नाही. कांदा सोलायला कुणाची बंदी नाही. पावावरची बुरशी, मोड आलेली मटकी, डबक्याचे पाणी, मिठाच्या पाण्यात टाकलेले पान, यांना कुठल्याही परवानगीची गरज नाही. लोणच्यासाठी कैरीला मीठ लावले की पाणी का सुटते, हे ज्याने मिठाच्या द्रावणात आक्रसणारी पेशी पाहिली त्याला सांगावे लागत नाही.

आता आपल्या मुलांकडे वळते. आपल्या शाळेतून गेलेली काही मुले विज्ञान शाखेला, कृषीला, नर्सिंगला, फार्मसीला जातात आणि दिवाळीच्या सुट्टीत भेटायला येतात. मी त्यांना आवर्जून विचारते, जड काय गेले? पहिले दोन महिने इंग्रजी, हे उत्तर सगळ्यांचेच असते. त्यानंतरचे उत्तर मात्र दोन प्रकारचे येते. काही सांगतात, प्रॅक्टिकलला बरे वाटते, तिथे आपण मागे नसतो. काही सांगतात, प्रॅक्टिकलची भीती वाटते, कारण अकरावी-बारावीत प्रॅक्टिकल झालेच नाही. क्लासच्या वेळापत्रकात ते बसत नव्हते, जर्नल तयार मिळाले, सह्या झाल्या, गुण लागले. अठराव्या वर्षी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उभे राहून ही मुले पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला हात लावतात. त्यांचा चौथा रकाना पूर्ण कोरा असतो. मग शब्द कोणत्या भाषेत पाठ केले होते, याने काही फरक पडत नाही.

कमला सोहोनी यांचे नाव आपण ऐकले असेल. त्यांचाही जन्म महाराष्ट्राबाहेरचा, इंदूरचा. पूर्वाश्रमीच्या त्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून त्यांना नकार मिळाला. त्या मागे हटल्या नाहीत, आणि अटींवर का होईना, त्यांना प्रयोगशाळेत जागा द्यावी लागली. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य असते, हे त्यांनी ज्या वनस्पतीवर काम करता करता दाखवले ती आपला बटाटा होय. त्यांची लढाई कशासाठी होती, ते पाहा. पुस्तके त्यांना घरबसल्या मिळालीच असती. त्यांना हवी होती ती प्रयोगशाळेतली जागा.

म्हणून आता त्या सूचनेविषयी. आपल्या काही माजी विद्यार्थ्यांनी फार आपुलकीने असे सुचवले आहे की, महोत्सवी निधीतून जुन्या प्रयोगशाळेच्या जागी एक डिजिटल कक्ष उभारावा आणि प्रयोग पडद्यावर दाखवण्याची सोय करावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू मला ठाऊक आहे. शाळा काळाच्या मागे राहू नये, ही त्यांची तळमळ आहे. पटसंख्या कमी होत असताना पालकांना आकर्षित करील असे काही हवे, हेही खरे. तरीही मुख्याध्यापिका म्हणून माझा या सूचनेला विरोध आहे आणि तो मी इथे, सर्वांसमोर नोंदवते.

थोडा हिशेब मांडते. आपला एक तास पस्तीस मिनिटांचा. आठवीच्या वर्गात चव्वेचाळीस मुले. चालू स्थितीतले सूक्ष्मदर्शक दोन. रांग लावणे, साल काढणे, रंगवणे यात दहा मिनिटे गेली, तर उरली पंचवीस. एका सूक्ष्मदर्शकामागे बावीस मुले. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला मिनिटाहून किंचित अधिक वेळ येतो. त्यात तो एक डोळा मिटायला शिकतो, एवढेच. तोवर मागचा त्याला ढकलतो. आणखी दहा सूक्ष्मदर्शक आले तर एका यंत्रामागे चार मुले येतील आणि प्रत्येकाला सहा मिनिटे मिळतील. सहा मिनिटांत केंद्रक सापडते, आकृतीही होते. पडदा हवाच असेल तर तो सभागृहात लावता येईल. त्याला पाण्याचा नळ, मोरी आणि खिडकीचा उजेड लागत नाही. प्रयोगशाळेला या तिन्ही गोष्टी लागतात, आणि त्या या इमारतीत त्याच एका खोलीत आहेत.

समितीपुढे मी तसा लेखी प्रस्ताव ठेवला आहे. दहा साधे, आरशाचे सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, रंजकद्रव्ये आणि मोरीची दुरुस्ती, एवढाच तो आहे. महागड्या यंत्रांची मागणी त्यात नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी जे महाविद्यालयांत, रुग्णालयांत, कृषी विभागात काम करतात, त्यांच्याकडून पैशापेक्षा मला महिन्यातला एक शनिवार हवा आहे. त्यांनी यावे, मुलांच्या शेजारी उभे राहावे आणि आपल्या कामातली एखादी वस्तू भिंगाखाली ठेवावी : रक्ताचा डाग, गव्हावरचा तांबेरा, दह्याचा थेंब. मुलांना मी त्या चार रकान्यांच्या वह्या देईन. दुसऱ्या रकान्यात आता हिंदीऐवजी ज्याच्या घरी जी भाषा असेल ती लिहिली जाईल. आपल्या वर्गात आज तेलुगू, कन्नड आणि भोजपुरी बोलणाऱ्या घरांतलीही मुले आहेत.

समितीचा निर्णय पुढच्या महिन्यात होईल. तो काहीही झाला तरी येत्या शनिवारी दुपारी दोन ते पाच प्रयोगशाळा उघडी राहील, आणि जे दोन सूक्ष्मदर्शक आहेत ते खिडकीशी मांडलेले असतील. पालकांनीही यावे. रंग आणि काचपट्ट्या शाळेच्या आहेत. कांदा मात्र प्रत्येकाने घरून आणावा.